शिक्का कुठल्या आकड्यावर

फणसाच्या पेटीला तिसऱ्यांदा लाख चढवून झाली.
चाकांचे दात मोजले, पुन्हा मोजले,
वेंगुर्ल्याच्या माझ्या पडवीत
महिनाभर लंबक उघडाच हलतोय,
अंगावर कपडा नसलेल्या पोरासारखा.
राहिलेत बारा आकडे आणि दोन काटे.

घड्याळ शिरोड्याच्या लुईझाबाईंचं.
शाळेतून निवृत्त झाल्या, तरी बोट वर करूनच बोलतात:
"चांदी खरी हवी. शिक्का दिसायला नको,
पण असायला हवा."
मी मान हलवली. घरी येईपर्यंत
त्या वाक्याचा अर्थ लावत होतो.

हुपरीहून पत्रा आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी ओळ:
त्रिकोण, नऊशे पंचवीस, पुढे बारीक अक्षरं.
भिंग लावून वाचली, मग पत्रा घेऊन
वामनशेटच्या दुकानात गेलो.

त्यानं शिक्का पाहिलाच नाही.
पत्रा बोटाच्या टोकावर तोलला,
नखानं वाजवला, कान दिला.
"माझ्या आज्यान अर्ध्या गावाची मंगळसूत्रां केली.
शिक्को कोणी इचारूक नाय."
रागावला नव्हता. नुसतंच सांगत होता,
भरती किती वाजता आहे ते सांगावं तसं.

मग कागदावर आकडे काढले,
एक ते बारा, देवनागरी, जाड पोटाचे,
आणि तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं:
पत्रा कापला की शिक्का एकाच तुकड्याचा.
बाकी अकरा तीच चांदी, त्याच पत्र्याची,
पण साक्षीला कोणी नाही.
काट्यांवर तर ठोकताच येत नाही, वाकतात.

मला बारावर हवा होता. मान असतो बाराला.
मग वाटलं सहावर, होड्या परततात तेव्हा.
वामनशेट करवत दोरीला पुसत म्हणाला,
"नवाच्या पोटात मावता.
बाकीच्यांका पोटच नाय."
आणि कापायला बसला.

तीन दिवस दुकानात करवतीचा बारीक आवाज,
बाहेर मासे विकणाऱ्या बायांचा मोठा.
मांडीवर चामडं पसरलेलं,
त्यावर कीस पडत होता,
पीठ पडावं तसा, पण जड.

आकडे बसवले. शिक्का मागे, लाकडाकडे तोंड करून.
समोरून नऊ आणि आठ सारखेच खरे,
सारखेच उजळ, आणि चौथ्या दिवशी
सारखेच पिवळट.
खाडीचा चिखल ओहोटीला उघडा पडतो, वास येतो,
चांदीला तो पहिला कळतो.
खरी चांदी, खारी हवा;
एक काना इकडचा तिकडे, आणि वर्षभर घासत बसा.
लुईझाबाईंना सांगितलं: काळी पडेल.
म्हणाल्या, पडू दे, मीही पडलेच की.

पण घड्याळ मागे पडत होतं.
रोज अकरा सेकंद. लंबकाखालचा नट
केसभर फिरवला की पुढे धावायचं,
सोडला की पुन्हा मागे.
पाच रात्री गेल्या. बायकोनं ताट झाकून ठेवलं,
नंतर झाकणंही सोडलं.

सहाव्या दिवशी वामनशेट स्वतः आला.
कागदाची पुडी, घड्या मोजून घातलेल्या.
"धर, तुजो कीस. दीड ग्रॅम."
सोनारानं कीस परत आणून दिल्याचं
मी कुणाला सांगितलं तर हसतील.
म्हणून सांगितलं नाही.

पुडी हातात घेऊन बराच वेळ उभा होतो.
मग लंबकाच्या गोळ्यावर, दांड्याला टेकून, ठेवली.

आज नववा दिवस.
आकाशवाणीच्या ठोक्याशी लावून पाहतो,
फरक सापडत नाही.
लुईझाबाई परवा न्यायला येतील,
बोट वर करून विचारतील, शिक्का कुठे?
मी नऊ दाखवीन.
पुडीचं काही बोलणार नाही.